कोंबड्यांनी न ओळखलेला ताप

मी फ्लूच्या प्रयोगशाळेत रुजू झाले तेव्हा तिथे माणसं अकरा होती आणि कोंबडे सहा. पहिल्याच दिवशी कोंबडेकाकांनी मला बजावलं, "माणसं रजेवर जातात. हे सहा जण जात नाहीत. तेव्हा मान कुणाला द्यायचा ते तूच ठरव."

कोंबडेकाका म्हणजे आमच्याकडचे प्राणी सांभाळणारे. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर आली नाही. शिडशिडीत अंग, पन्नाशी उलटलेली, अंगात ढगळ खाकी कोट आणि कोटाच्या खिशात मूठभर मका. तरुणपणी ते अंडी उबवण्याच्या एका केंद्रात कामाला होते. केंद्र बंद पडलं तेव्हा आमच्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. डॉक्टर होत्या, पण सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचे, आणि एवढ्या एका शब्दावर सगळी प्रयोगशाळा हलायची.

इमारतीच्या मागे पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली होती. तिथे ते सहा पांढरे कोंबडे राहायचे. प्रत्येकाच्या पायात नंबराचं कडं. दर सोमवारी सकाळी आम्ही त्यांतल्या एकाचं थोडं रक्त काढायचो. काका कोंबडा बगलेत घ्यायचे, एक पंख उलगडायचे आणि दुसऱ्या हाताचा पंजा त्याच्या डोळ्यांवर अलगद ठेवायचे. मी पंखाखालच्या निळ्या शिरेत सुई घालायची.

"घाबरू नकोस पोरी," ते म्हणायचे. "तू घाबरलीस की तो घाबरतो, आणि तो घाबरला की माझा कोट फाटतो."

रक्त कशाला, तर फ्लूचा विषाणू डोळ्यांना दिसत नाही म्हणून. गावातल्या पाच दवाखान्यांतून तापलेल्या लोकांच्या घशाचे नमुने आमच्याकडे यायचे. घशातून फिरवलेला कापसाचा बोळा, बाटलीत बुडवलेला. त्यातला थेंबभर रस आम्ही दहा दिवस उबवलेल्या अंड्यात सोडायचो. विषाणू असेल तर दोन-तीन दिवसांत तो अंड्यात वाढायचा. मग अंड्यातलं पाणी काढून शहाण्णव खळग्यांच्या ताटलीत घालायचं आणि त्यात कोंबड्याच्या धुतलेल्या रक्तपेशी मिसळायच्या. विषाणू नसेल तर पेशी निमूट तळाशी बसतात आणि खळग्यात एक लाल बटण दिसतं. विषाणू असेल तर तो पेशींना एकमेकींशी बांधून टाकतो. मग त्या खाली बसत नाहीत, गुलाबी मलमल अंथरावी तशा खळगाभर पसरतात. बटण म्हणजे नाही, मलमल म्हणजे आहे. एवढं वाचता यायला लागलं की आमचं अर्धं शिक्षण झालं.

उरलेलं अर्धं बाईंनी शिकवलं, तेही त्या पत्र्याच्या खोलीत, उलट्या बादलीवर बसून.

"फ्लूचे प्रकार मुख्य तीन," त्या सांगत होत्या. "ए, बी आणि सी. ए सगळ्यात फिरता. माणसात, डुकरात, रानबदकात, घोड्यात, कुठेही राहतो. बी जवळजवळ माणसातच राहतो. सी असतो, पण सर्दीपलीकडे फारसं काही करत नाही."

काका पाण्याची भांडी घासत होते. ते म्हणाले, "म्हणजे तीन भाऊ. थोरला उडाणटप्पू, मधला घरकोंबडा आणि धाकटा शेंबडा."

बाई इतक्या हसल्या की बादली कलंडली. पण त्या दिवसापासून आमच्याकडे कुणीही नवीन माणूस आला की त्याला हेच शिकवलं जायचं.

मग एच आणि एन. विषाणूच्या अंगावर दोन तऱ्हेचे काटे असतात. एकाने तो पेशीला धरतो आणि आत शिरतो, दुसऱ्याने बाहेर पडताना स्वतःला सोडवून घेतो. एच म्हणजे हात, एन म्हणजे निघणं, असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. या काट्यांच्या जाती मोजून ए भावाला नावं पडतात, एच-वन-एन-वन, एच-थ्री-एन-टू. आपलं शरीर विषाणूला या काट्यांवरूनच ओळखतं. आणि हा लबाड दर वर्षी काटे थोडे थोडे घासून बदलतो.

"म्हणून लस दर वर्षी नवी," बाई म्हणाल्या. "जगभरातल्या आपल्यासारख्या प्रयोगशाळा नमुने पाठवतात. मोठी मंडळी ते बघून ठरवतात, येत्या मोसमात कोणते विषाणू फिरतील. त्यांचीच लस बनते. दोन ए आणि एक बी. मारलेला विषाणू असतो तो. त्याने फ्लू होत नाही, दंड दुखतो फार तर."

दर वर्षी थंडीच्या आधी बाई सगळ्यांना रांगेत उभं करून सुई द्यायच्या. काका त्या दिवशी हमखास कोंबड्यांचं खाद्य आणायला बाजारात जायचे.

"बाई, एक सांगा," ते म्हणायचे, "गेल्या वर्षीची सुई खरी होती तर यंदा परत कशाला? आणि खोटी होती तर यंदाची खरी कशावरून?"

"काका, तुम्ही वकील व्हायला हवं होतं."

"कोंबड्यांना वकील नको, मका हवा."

बाईंनी कधी जबरदस्ती केली नाही. काकांची बायको, आमच्या काकू, त्यांनाही काकांनी कधी सुई घेऊ दिली नाही. "तिला सुईचीच भीती," असं सांगायचे. अर्धं खरं होतं ते.

माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी एक विचित्र हिवाळा आला.

दवाखाने भरून वाहत होते. शाळांचे वर्ग अर्धे रिकामे. आमचे अकरापैकी चार जण अंथरुणात, बाईसुद्धा दोन दिवस घरी होत्या. लस घेऊनही त्यांना ताप आला, पण तिसऱ्या दिवशी त्या रुमाल नाकाला लावून हजर झाल्या. नमुने खोक्यांनी येत होते. आणि ताटल्यांमध्ये मात्र बटणं. ओळीच्या ओळी लाल बटणं. अधूनमधून एखादा बी सापडायचा, पण ए म्हणून काही नाही. गाव तापाने फणफणलेलं आणि आमचा कागद सांगत होता, फ्लू नाही.

अंडी बदलून पाहिली. मीठपाणी नवं केलं. ताटल्या नव्या आणल्या. आमच्याकडचा जुना, जपून ठेवलेला ए विषाणू घातला की पेशी छान पसरायच्या. नवे नमुने घातले की बटणं.

तिसऱ्या आठवड्यात वरच्या कार्यालयातून मोठे साहेब आले. उंच, घाईतला माणूस. त्यांनी ताटल्या पाहिल्या, वह्या चाळल्या आणि मागच्या खोलीत जाऊन कोंबडे पाहिले.

"हे म्हातारे झालेत," ते म्हणाले. "जुना विषाणू तगडा आहे, तो कसल्याही रक्ताला धरेल. नव्या नमुन्यात विषाणू थोडा असतो, त्याला ताजं रक्त लागतं. हे सहाही काढून टाका. पुढच्या सोमवारी नवे कोंबडे येतील." मग काकांकडे वळून म्हणाले, "खाणंपिणं नीट बघता ना यांचं?"

साहेब गेल्यावर काकांनी सहाही पिंजरे एकामागून एक उघडले, प्रत्येक कोंबड्याचा तुरा चिमटीत धरून पाहिला, पापणी ओढून पाहिली.

"रंग बघ," ते मला म्हणाले. "याला रक्त कमी आहे म्हणायचं? चोर सोडून संन्याशाला फाशी आहे ही."

"मी बाईंशी बोलते, काका."

"बाई काय करणार? वरून हुकूम आहे." मग खिशातला सगळा मका त्यांनी तीन नंबरसमोर ओतला. तीन नंबर त्यांच्याबरोबर सगळ्यात जुना होता.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. चार वर्षांत पहिल्यांदा. दुपारपर्यंत निरोप आला की अंगात सणसणून ताप आहे. बाईंनी नमुन्याची बाटली माझ्या हातात दिली. "जा, घसा घेऊन ये. आणि खोकला कसा आहे तेही बघ."

काकांचं घर दोन खोल्यांचं, बस थांब्यापासून चार गल्ल्या आत. काकूंनी दार उघडलं. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, हातात ओला फडका.

"ये पोरी, तूच सांग यांना. ताप एकशे तीन आणि कोंबड्यांना पाणी कोण देणार म्हणून उठायला बघतायत."

काका गोधडीत मुटकुळं करून पडले होते. डोळे लाल. मला बघून पहिला प्रश्न, "तीन नंबरने खाल्लं का?"

"खाल्लं. तोंड उघडा."

कापसाचा बोळा घशाला लागला तसे ते खोकत सुटले. खोकला थांबल्यावर उशीला टेकून म्हणाले, "पोरी, मला काय झालंय?"

"फ्लू दिसतोय, काका. अंगदुखी, एकदम चढलेला ताप, कोरडा खोकला. अगदी पुस्तकातला."

"मग माझाच नमुना लाव. आणि माझ्याच कोंबड्याचं रक्त घाल. तो नाही म्हणाला, तर बघ." थोडं थांबून म्हणाले, "चाळीस वर्षं कोंबड्यांत काढली. राखणीचा कोंबडा रोज येणाऱ्या माणसावर ओरडत नाही. तोच माणूस वेष बदलून आला की त्याला ओळखत नाही. कोंबडा आंधळा झालाय की समोरच्याने वेष बदललाय, हे आधी बघावं. साहेब नुसते साप म्हणून भुई धोपटतायत."

काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्याही खोकल्या, पदराने तोंड झाकून. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा." त्या म्हणाल्या, "दुसऱ्या खोलीत चूल आहे, तिथे कुठे झोपू?"

परत येताना बसमध्ये काकांचं बोलणं मला सोडेना. वेष बदलला असेल तर? विषाणूचा हात बदलला असेल, आणि कोंबड्याची पेशी त्या हाताला आता सापडतच नसेल तर? मग कोंबडा नवा आणला तरी कोंबडाच. प्राणी बदलायला हवा.

बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"जुन्या काळी काही लोक गिनीपिगचं रक्त वापरायचे," त्या म्हणाल्या. "अंड्यातून नुकताच निघालेला विषाणू कधी कधी कोंबड्याला धरत नाही, गिनीपिगला धरतो, असं मी शिकताना वाचलं होतं. मला आठवायला हवं होतं ते." मग चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "शेजारच्या विभागात गिनीपिग आहेत. जा, माझं नाव सांग."

काकांचा नमुना अंड्यात घालून तीन दिवस थांबावं लागलं. त्या तीन दिवसांत कोंबड्यांना पाणी मी दिलं. ते माझ्याकडे अशा नजरेने बघायचे की पाहुणी आहे, जाईल.

शुक्रवारी दुपारी ताटली लावली. वरच्या ओळीत तीन नंबरचं रक्त, खालच्या ओळीत गिनीपिगचं. पाणी तेच, काकांच्या घशातून आलेलं, पुढच्या प्रत्येक खळग्यात निम्मं पातळ केलेलं. कोंबड्याच्या पेशी जड, अर्ध्या तासात बसतात. गिनीपिगच्या हलक्या, त्यांना तासभर लागतो. मी आणि बाई टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. अर्ध्या तासाने वरच्या ओळीत बटणं आली, बारा खळग्यांत बारा. खालची ओळ अजून गढूळ होती. बाईंनी घड्याळ पाहिलं, मग उठून खिडकी लावून घेतली, मग परत येऊन बसल्या.

तासाने खालची ओळ स्वच्छ झाली. पहिल्या खळग्यापासून सातव्यापर्यंत मलमल. आठव्यापासून तळाशी कडी; गिनीपिगच्या पेशी बसल्या की बटणाऐवजी कडं दिसतं.

"वाच," बाई म्हणाल्या.

"आहे," मी म्हटलं.

मग आम्ही फ्रिजमध्ये ठेवलेलं, मागच्या तीन आठवड्यांतल्या चोवीस नमुन्यांचं अंड्यातलं पाणी काढलं. शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यांतले सतरा निघाले. सगळे ए, सगळे एच-थ्री. आम्ही ज्यांना नाही म्हणालो होतो ते सतरा लोक.

बाईंनी मोठ्या साहेबांना फोन लावला तेव्हा मी समोर होते. बाई दोनच वाक्यं बोलल्या. साहेब म्हणाले, "बरं. कोंबडे राहू द्या. नमुने पुढे पाठवा." एवढंच. पण रविवार असूनही त्यांनी स्वतः गाडी पाठवली नमुने न्यायला, हेही सांगायला हवं.

ही बातमी मी काकांना सांगायला गेले ती हसत हसत. दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, काकूंना रुग्णालयात नेलंय.

काकूंचा ताप छातीत उतरला होता. नऊ दिवस त्या रुग्णालयात होत्या, त्यांतले चार प्राणवायूवर. काका स्वतः अजून पुरते बरे नव्हते, तरी बाहेरच्या बाकावर बसून असायचे. कोट गळ्यापर्यंत बंद. मी त्यांच्या शेजारी बसून ताटलीचं सांगितलं. सतरा नमुन्यांचं सांगितलं. कोंबडे राहणार म्हणून सांगितलं.

त्यांनी मान हलवली. "म्हणजे ते निर्दोष."

"निर्दोष, काका."

"आणि बिनकामाचेही."

ते खरंच होतं. यापुढे उडाणटप्पू भावाचे नवे एच-थ्री नमुने कोंबडे ओळखणार नव्हते.

"बीला ते अजून ओळखतात," मी म्हटलं. "आणि एच-वनलाही."

"घरकोंबडा तेवढा राहिला आमच्याकडे," ते म्हणाले आणि थोडं हसले. मग दाराकडे बघत म्हणाले, "तिला माझ्यामुळे झालं."

तेवढ्यात बाई आल्या. रोज कामावरून सुटल्यावर त्या तिथे यायच्या. काकांचा शेवटचा शब्द त्यांनी ऐकला होता. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, असं मनाला लावून घेऊ नका. बाई शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "झालं असेल तुमच्यामुळे. किंवा बसमध्ये, किंवा दुकानात. ते आता कळणार नाही."

"मी सुई घेतली असती तर?"

"खरं सांगू? यंदाची लस या विषाणूला अर्धीमुर्धीच लागू होती. लस ठरली तेव्हा त्याने वेष बदललेला नव्हता. मी घेतली होती, तरी मला ताप आलाच. पण दोन दिवसांत उतरला. काकूंना दिली असती तर त्या कदाचित आज रुग्णालयात नसत्या. कदाचित. याहून पक्कं मी बोलू शकत नाही."

काका म्हणाले, "दगडापेक्षा वीट मऊ."

काकू बऱ्या झाल्या. घरी आल्या तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, पण आल्या. पुढच्या वर्षी लसीत एच-थ्री बदललेला होता. आमचा नमुना त्यात किती कामी आला हे मला कधी कळलं नाही आणि कुणी विचारायलाही गेलं नाही. आमच्यासारख्या कितीतरी ठिकाणांहून तसेच नमुने गेले असणार. त्या थंडीच्या आधी बाईंनी सगळ्यांना रांगेत उभं केलं तेव्हा काका रांगेत पहिले होते. आणि त्यांच्यामागे, चांगलं लुगडं नेसून, काकू.

पुढची काही वर्षं पत्र्याची खोली चालू राहिली. काका निवृत्त झाले. कोंबडे एकेक करून म्हातारपणाने गेले. मग यंत्र आलं. नमुना घातला की ते विषाणूची वंशावळच वाचून दाखवतं, ए की बी, एच कितवा, सगळं, तीन तासांत. अंडी नकोत, रक्त नको. मी त्या यंत्राच्या विरुद्ध नाही. त्याने आमच्यासारखी तीन आठवड्यांची चूक केली नसती. पण ताटलीत पेशी बसेपर्यंत जो वेळ जायचा, त्यात माणसं एकमेकांशी बोलायची. मला जे काही येतं त्यातलं बरंचसं मी त्या अर्ध्या अर्ध्या तासांत शिकले.

बाईंच्या जागी मी बसायला लागले त्या वर्षापासून दर थंडीच्या आधी मी काकांच्या घरी जायची. थंड पेटीत दोन सुया. काका पलंगावर बसून बाही वर करायचे आणि विचारायचे, "यंदा काय बदललं?"

मी सांगायची. एच-थ्री बदलला. बी बदलला. एकदा सांगितलं की आता बीच्या दोन शाखा झाल्यात म्हणून लसीत चार विषाणू घालतात. ते म्हणाले, "घरकोंबड्याच्याही घरात वाटण्या झाल्या म्हणायच्या." एका वर्षी सांगितलं, काहीच बदललं नाही, गेल्या वर्षीचीच आहे. तेव्हा ते फार खूश झाले. म्हणाले, "बघ, कुणीतरी एक वर्ष तरी एका जागी बसलं."

काका गेले ते झोपेतच, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. फ्लूचा मोसम नव्हता, तापही नव्हता. त्यानंतरच्या थंडीत मी गेले तेव्हा सवयीने पेटीत दोन सुया घेतल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी लक्षात आलं. काकूंनी दार उघडलं, माझ्या हातातली पेटी पाहिली आणि आत जाऊन चहा टाकला.

चहा पिऊन झाल्यावर त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. दंड उघडा केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षीसुद्धा त्यांना सुई बघवत नव्हती.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"अजून टोचलीच नाही, काकू."

"मग बोलत राहा काहीतरी," त्या म्हणाल्या.